फ्लूटी फ्लेक्स : एक जुना खोका आणि डग फ्लूटीची कारकीर्द

फ्लूटी फ्लेक्स हे साखरेचा लेप दिलेले कॉर्नफ्लेक्स १९९८ मध्ये अमेरिकेतील बफेलो शहराच्या किराणा दुकानांत आले, तेव्हा त्यांची चव पाहण्यासाठी घेणाऱ्यांपेक्षा खोक्यावरच्या माणसाखातर घेणारे गिऱ्हाईक अधिक होते. तो माणूस म्हणजे बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, डग फ्लूटी. त्या वर्षीचा मूळ खोका आज दुकानात मिळत नाही. तो जुन्या वस्तूंच्या बाजारात आणि संग्राहकांकडे मिळतो, आणि मी तो तसाच, न उघडलेला, विकत घेतला आहे. पुढील अभिप्राय त्या खोक्याचा आहे. माझे मत आधीच सांगून टाकते : खाण्याचा पदार्थ म्हणून फ्लूटी फ्लेक्स मध्यम प्रतीचे होते, पण एका खेळाडूच्या कारकिर्दीची खूण म्हणून घरात ठेवण्यासारखी याहून चांगली वस्तू मला अजून मिळालेली नाही.

चवीचे आधी उरकते, कारण त्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. त्या काळी मी पश्चिम न्यूयॉर्कमध्ये शिकत होते आणि आम्हा विद्यार्थ्यांच्या सामाईक स्वयंपाकघरात हा खोका असे. मक्याच्या पापुद्र्यांवर साखरेचा पातळ, पांढुरका थर होता. थंड दुधात टाकल्यावर पहिले काही घास चांगले कुरकुरीत लागत. मग साखर दुधात उतरे, पापुद्रे मऊ पडत आणि वाटीच्या तळाशी गोड दूध उरे. साखर लावलेल्या इतर कोणत्याही कॉर्नफ्लेक्समध्ये आणि यांत डोळे मिटून फरक सांगता आला नसता. चिवड्यासाठी तर ते अगदीच निरुपयोगी होते, कारण फोडणीत पडताच साखर करपते आणि सगळा चिवडा कडवट होतो. नाश्ता म्हणून पाचपैकी तीन गुण पुरेत.

खोका मात्र चांगला केलेला आहे. पुढच्या बाजूला बफेलोच्या निळ्या जर्सीतला, सात नंबरचा फ्लूटी आहे आणि त्याचे आडनाव इतक्या मोठ्या अक्षरांत आहे की आत काय आहे याचा विचार गिऱ्हाइकाने नंतर करावा. पिट्सबर्गच्या पीएलबी स्पोर्ट्स या कंपनीने तो बाजारात आणला आणि विक्रीतून मिळणाऱ्या रकमेचा एक भाग फ्लूटी कुटुंबाने त्याच वर्षी सुरू केलेल्या ऑटिझमविषयीच्या प्रतिष्ठानाला द्यायचे ठरले. डग आणि लॉरी फ्लूटी यांच्या मुलाला, डग ज्युनियरला, तीन वर्षांचा असताना ऑटिझमचे निदान झाले होते. सुरुवातीला इतर मुलांसारखाच बोलू लागलेला तो मुलगा हळूहळू ते सारे गमावत गेला. प्रतिष्ठानाला त्याचेच नाव आहे. नामवंत खेळाडूंची चित्रे खाद्यपदार्थांच्या खोक्यांवर छापण्याची प्रथा अमेरिकेत फार जुनी आहे, पण त्या बहुतेक खोक्यांचा त्या खेळाडूच्या घरातल्या दुःखाशी काही संबंध नसतो. या खोक्याचा होता, आणि पुढे घडलेल्या एका प्रसंगामुळे तो संबंध सगळ्या देशाला कळला.

आता त्या चित्रातल्या माणसाविषयी. फ्लूटीची उंची पाच फूट दहा इंच. आपल्याकडे एवढ्या उंचीच्या माणसाला कोणी ठेंगणा म्हणणार नाही. म्हणूनच अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्या मराठी वाचकाला हा सगळा वाद चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. अडचण खेळाच्या मांडणीत आहे. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरतो, त्याच्या पुढे त्याचेच पाच लाइनमन भिंतीसारखे उभे राहतात आणि त्यांच्या अंगावर प्रतिस्पर्ध्यांचे तितकेच धिप्पाड गडी चालून येतात. यांतले बहुतेक जण सव्वासहा फुटांच्या आसपास असतात आणि हातही वर करतात. त्या हातांच्या वरून किंवा फटींतून, तीन सेकंदांच्या आत, धावत्या सहकाऱ्याला हेरून त्याच्या हातात पडेल असा पास टाकायचा असतो. उंच क्वार्टरबॅकला जे डोक्यावरून दिसते ते फ्लूटीला दिसत नसे, म्हणून तो त्या भिंतीमागे फार वेळ उभाच राहत नसे. तो डावीउजवीकडे पळे, मोकळी फट शोधे आणि पळता पळता पास टाके. निवड करणाऱ्यांच्या लेखी हा दोष होता. त्याला अनेकदा पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की तोच त्याचा खेळ होता, आणि ज्या प्रशिक्षकांनी त्याला उंच माणसासारखे एका जागी उभे राहून खेळायला लावले त्यांनी त्याचे अर्धे कौशल्य वाया घालवले.

फ्लूटी मॅसॅच्युसेट्समधील नेटिक गावच्या शाळेत शिकला. वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांपैकी एकट्या बॉस्टन कॉलेजने त्याला खेळाची शिष्यवृत्ती देऊ केली. तिथल्या चार वर्षांत त्याने १०,५७९ यार्डांचे पास पूर्ण केले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत १०,००० चा टप्पा ओलांडणारा तो पहिलाच. १९८४ साली देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडकही त्याला मिळाला. तरी त्या वर्षाचे नाव काढले की लोकांना आठवतो तो एकच पास.

तारीख २३ नोव्हेंबर १९८४, मैदान मायामीचे ऑरेंज बोल. समोर गतविजेता मायामी विद्यापीठाचा संघ, त्यांचा क्वार्टरबॅक उंचापुरा बर्नी कोझार, प्रशिक्षक जिमी जॉन्सन. दोन्ही क्वार्टरबॅकांनी त्या दिवशी चारशेहून अधिक यार्डांचे पास पूर्ण केले होते. शेवटची २८ सेकंद उरली असताना मायामीने टचडाउन करून, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन, ४५-४१ अशी आघाडी घेतली. बॉस्टन कॉलेजने चेंडू मायामीच्या ४८ यार्ड रेषेपर्यंत आणला तेव्हा घड्याळात सहा सेकंद होती. फ्लूटी चेंडू घेऊन मागे गेला, अंगावर येणाऱ्या गड्याला चुकवून उजवीकडे वळला, आणखी मागे सरला आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात साऱ्या शरीराचा झोक देऊन त्याने चेंडू भिरकावला. चेंडू हवेतून साठ यार्डांहून अधिक गेला. एन्ड झोनपाशी, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यापाशी, उभे असलेले मायामीचे बचावपटू गोलरेषेच्या पुढेच उड्या मारत राहिले, कारण एवढ्याशा माणसाचा पास इतक्या लांब येईल असे त्यांना वाटले नव्हते. चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला आणि त्यांच्या मागे सरकलेल्या जेरार्ड फेलनच्या पोटाशी येऊन विसावला. फेलन हा फ्लूटीचा खोलीतला जोडीदार. बॉस्टन कॉलेज ४७-४५ असे जिंकले. या क्षणाचा पुतळा २००८ पासून बॉस्टन कॉलेजच्या मैदानाबाहेर उभा आहे, आणि नेटिकच्या मोठ्या मॉलजवळून जाणाऱ्या एका छोट्या रस्त्याला फ्लूटी पास असे नाव आहे. बचावपटूंचा अंदाज चुकला तो त्याच्या उंचीवरून बांधल्यामुळे; अंदाज बांधणाऱ्यांची ही चूक पुढे वीस वर्षे चालू राहिली.

१९८५ मध्ये व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा एनएफएल या अमेरिकेतील मुख्य लीगमध्ये त्याचे नाव अकराव्या फेरीत, २८५ व्या क्रमांकावर पुकारले गेले. न्यायाने सांगायचे तर, त्याने आधीच यूएसएफएल या प्रतिस्पर्धी लीगमधल्या न्यू जर्सी जनरल्स या, डोनाल्ड ट्रम्प यांच्या मालकीच्या संघाशी करार केला होता, त्यामुळे एनएफएलचे संघ त्याच्यावर वरची संधी खर्च करणार नव्हतेच. पण ती स्पर्धा वर्षभरात बंद पडली आणि १९८६ च्या हंगामात तो शिकागो बेअर्समध्ये आला, तेव्हा स्वागत कसे झाले हे सर्वांनी पाहिले. संघाचा नेहमीचा क्वार्टरबॅक जिम मॅकमहन याने त्याला ‘बॅम्बी’ (कार्टूनपटातले हरणाचे पाडस) म्हणून हिणवले. पुढची दोन-तीन वर्षे न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये गेली. १९८८ साली तो पहिल्यापासून मैदानात उतरला अशा नऊपैकी सहा सामने संघ जिंकला, तरी तो कायम पर्यायीच राहिला आणि १९८९ च्या हंगामानंतर त्याला सोडून देण्यात आले. सत्ताविसाव्या वर्षी त्याला देशात काम उरले नव्हते.

या खोक्याविषयी माझी एकच खरी तक्रार आहे, ती इथे येते. बफेलोचे चित्र छापणे व्यापाराच्या दृष्टीने साहजिक होते, पण हा खोका हाती घेणाऱ्याला असे वाटते की फ्लूटी १९९८ मध्ये कुठून तरी अचानक उगवला. त्याच्या कारकिर्दीचा सर्वांत भरीव भाग कॅनडात झाला आणि कपाटात ठेवलेल्या खोक्याच्या दर्शनी बाजूवर त्याचा मागमूस नाही. कॅनडाचे मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद असते. अमेरिकेतले १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडे अधिक रुंद. तिथे एका बाजूला अकराऐवजी बारा खेळाडू असतात, दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी मिळतात, आणि चेंडू खेळात येण्याआधीच रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, पुढच्या दिशेने धावत येऊ शकतात. तीनच संधी असल्यामुळे संघ पासवर अधिक भर देतात, आणि रुंद मैदानामुळे भिंतीमागून निसटून कडेला पळणाऱ्या क्वार्टरबॅकला अडवणे फार कठीण जाते. ज्या गुणाला अमेरिकेत कोणी विचारत नव्हते त्याच गुणासाठी जणू ते मैदान आखलेले होते.

१९९० मध्ये तो कॅनडाच्या लीगमधील ब्रिटिश कोलंबिया लायन्स या संघाकडे गेला आणि दुसऱ्याच हंगामात, १९९१ मध्ये, त्याने एका वर्षात ६,६१९ यार्डांचे पास पूर्ण केले. हा विक्रम तीस वर्षांनंतरही कोणी मोडलेला नव्हता. कॅल्गरी स्टॅम्पीडर्समध्ये त्याने १९९२ चा ग्रे कप, म्हणजे त्या लीगचे विजेतेपद, जिंकला आणि १९९४ मध्ये ४८ टचडाउन पास टाकले. टोरंटो आर्गोनॉट्सकडे गेल्यावर १९९६ आणि १९९७ असे लागोपाठ दोन ग्रे कप जिंकले. त्यांतला पहिला हॅमिल्टनच्या बर्फवृष्टीत, एडमंटनविरुद्ध ४३-३७ असा. तिन्ही अंतिम सामन्यांत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार त्याला आठ हंगामांत सहा वेळा मिळाला, आणि २००६ मध्ये टीएसएन वाहिनीने कॅनडाच्या लीगमधील पन्नास सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडले तेव्हा पहिले नाव त्याचेच होते. हे सारे कनिष्ठ दर्जाच्या लीगमधले आहे असे म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. तो खेळ वेगळा आहे, सोपा नाही. बर्फात, ओल्या चेंडूने, तीनच संधींत दहा यार्ड काढणे ज्याला सोपे वाटते त्याने तो १९९६ चा सामना पाहावा.

बफेलोने १९९८ मध्ये त्याला बोलावले तेही पर्यायी खेळाडू म्हणूनच. मुख्य क्वार्टरबॅक रॉब जॉन्सन, सहा फूट चार इंच, तरुण, मोठ्या कराराचा. जॉन्सन जखमी झाला आणि ऑक्टोबरात फ्लूटी मैदानात आला. १८ ऑक्टोबर रोजी, तोवर एकही सामना न हरलेल्या जॅक्सनव्हिलविरुद्ध, शेवटच्या काही सेकंदांत एक यार्ड काढायचा होता आणि संधी चौथी, म्हणजे शेवटची. फ्लूटीने चेंडू घेतला, ठरलेला डाव फसल्याचे दिसताच तो डाव्या बाजूने एकटाच पळाला आणि कडेने आत शिरला. बफेलो १७-१६ असे जिंकले. त्यानंतर शहरात जे झाले ते मी जवळून पाहिले आहे. भुसार मालाच्या दुकानात रांगेतल्या आजीबाईसुद्धा हातगाडीत दोन-दोन खोके ठेवत होत्या. पाहता पाहता लाखो खोके विकले गेले. त्या हंगामात त्याची निवड प्रो बोल या एनएफएलच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी झाली आणि पुनरागमन करणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्याला मिळाला.

आधी उल्लेख केलेला प्रसंग त्या हंगामाच्या शेवटी घडला. २ जानेवारी १९९९ रोजी मायामी डॉल्फिन्सने प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित सामन्यांनंतरच्या बाद फेरीत, बफेलोला २४-१७ असे हरवले. मायामीचे प्रशिक्षक होते जिमी जॉन्सन. १९८४ च्या त्या पासच्या वेळी समोरच्या बाजूला उभे असलेले तेच. विजयाच्या भरात त्यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत फ्लूटी फ्लेक्सचा खोका फोडून जमिनीवर ओतला आणि खेळाडूंनी ते कॉर्नफ्लेक्स पायाखाली तुडवले. प्रतिस्पर्ध्याची खूण म्हणून त्यांनी ते केले असेल, पण त्या खोक्याचे पैसे कोणासाठी जात होते हे ठाऊक असलेल्या फ्लूटीला तो आपल्या मुलाचा अपमान वाटला आणि त्याने तसे उघड बोलून दाखवले. जॉन्सन यांनी पुढे दिलगिरी व्यक्त केली. तेव्हापासून हा खोका पाहताना मला खेळाडूच्या आधी त्या मुलाची आठवण येते, आणि ही वस्तू जपून ठेवण्याचे माझे पहिले कारण तेच आहे.

पुढचे वर्ष याहून क्लेशकारक होते. १९९९ च्या हंगामात फ्लूटीने सुरुवात केलेल्या पंधरापैकी दहा सामने बफेलो जिंकले, संघ प्लेऑफमध्ये गेला, आणि त्या सामन्याला प्रशिक्षक वेड फिलिप्स यांनी फ्लूटीऐवजी रॉब जॉन्सनला उतरवले. ८ जानेवारी २००० रोजी टेनेसीने शेवटच्या काही सेकंदांत आडव्या पासवर किक परतवून सामना २२-१६ असा जिंकला. बफेलोला पुन्हा प्लेऑफ पाहायला २०१७ चा हंगाम उजाडावा लागला. फ्लूटीने सुरुवात केलेल्या नियमित सामन्यांत बफेलोने २१ जिंकले आणि ९ हरले. जिंकणाऱ्याला बाहेर बसवण्याचा निर्णय कोणत्याही क्रीडाविषयक कारणाने समर्थनीय होता असे मला आजही वाटत नाही.

त्यानंतर तो सॅन दिएगोला गेला. तिथे त्याच्या मागे उभा राहून शिकणाऱ्या तरुण क्वार्टरबॅकचे नाव ड्रू ब्रीस, उंची सहा फूट, आणि त्यालाही कमी उंचीचा शिक्का बसलेला होता. शेवटचा हंगाम न्यू इंग्लंडमध्ये. १ जानेवारी २००६ रोजी, पुन्हा मायामीविरुद्धच, टचडाउननंतरच्या जादा गुणासाठी त्रेचाळीस वर्षांच्या फ्लूटीने चेंडू हातातून जमिनीवर सोडला आणि टप्पा पडून वर येतानाच लाथाडून खांबांमधून पार केला. एनएफएलमध्ये असा ड्रॉप किक १९४१ नंतर कोणी यशस्वी केलेला नव्हता.

उंचीच्या मापाचे काय झाले, हे आता आकड्यांतच दिसते. २०१९ आणि २०२३ मध्ये एनएफएलच्या निवडीत अगदी पहिल्या क्रमांकावर घेतलेले कायलर मरे आणि ब्राइस यंग हे दोघेही क्वार्टरबॅक पाच फूट दहा इंचांचेच आहेत. खेळही बदलला, क्वार्टरबॅकने पळत पास टाकावा अशा योजना सर्रास आखल्या जाऊ लागल्या. हे सगळे एकट्या फ्लूटीमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्या योजना आज पाहिल्या की तो वीस वर्षे लवकर जन्माला आला असे वाटल्याशिवाय राहत नाही.

विकत घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. खोके मुळात भरपूर छापले गेले असल्याने हा दुर्मिळ माल नाही. न उघडलेल्या खोक्याला कोणी भारी किंमत सांगत असेल तर दुसरा विक्रेता पाहावा. माझा खोका आला तो एक कोपरा चेपलेला आणि कागदाच्या एकाच पातळ वेष्टनात. विक्रेत्याने तो दुसऱ्या पुठ्ठ्याच्या पेटीत घालून पाठवायला हवा होता, आणि मागवताना तशी सूचना आवर्जून द्यावी. आतील कॉर्नफ्लेक्स कोणत्याही परिस्थितीत खाऊ नयेत. अनेक संग्राहक खालची घडी अलगद उघडून आतली पिशवी काढून टाकतात आणि खोका सपाट करून ठेवतात. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, किडे आणि बुरशी टाळायला हाच मार्ग बरा. सही केलेल्या खोक्यांची किंमत वेगळी असते, पण सहीच्या खरेपणाचा स्वतंत्र दाखला नसेल तर त्यासाठी एक पैसाही जादा देऊ नये. मुख्य म्हणजे जुन्या बाजारात दिलेले पैसे विक्रेत्याच्या खिशात जातात, ऑटिझमच्या प्रतिष्ठानाकडे नाही. मी खोक्याला जेवढे मोजले तेवढीच रक्कम वेगळी प्रतिष्ठानाला पाठवली, आणि घेणाऱ्या प्रत्येकाने तसे करावे अशी माझी विनंती आहे.